बर्लिंग्टन, २००९ : एकाच मतपेटीतले तीन महापौर

अमेरिकेच्या ईशान्य भागात, शॅम्प्लेन सरोवराच्या पूर्व काठावर वसलेले बर्लिंग्टन हे व्हरमाँट राज्यातले सर्वांत मोठे शहर आहे. तरीही २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या फक्त ४२,४१७ होती, म्हणजे आपल्याकडच्या ‘ब’ वर्ग नगरपालिकेच्या गावाएवढी. ३ मार्च २००९ रोजी या शहराने थेट मतदानाने आपला महापौर निवडला आणि त्या निवडणुकीच्या मतपत्रिका आजही मतदानपद्धतींचा अभ्यास करणारे लोक पुन्हा पुन्हा मोजून पाहतात. त्याचे कारण असे, की ‘ज्याला सर्वाधिक मते तो विजयी’ या नियमाने मोजल्यास त्या मतपत्रिकांतून रिपब्लिकन पक्षाचे कर्ट राइट महापौर होतात, प्रत्यक्ष लागू असलेल्या पसंतीक्रमाच्या नियमाने प्रोग्रेसिव्ह पक्षाचे बॉब किस झाले, आणि उमेदवारांची दोघादोघांत समोरासमोर तुलना केली तर डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी माँट्रोल इतर प्रत्येकाला हरवतात.

एका वर्षाने शहराने पसंतीक्रमाचा नियम रद्द केला आणि पुढे तेरा वर्षांनी तोच नियम महापौरपदासाठी पुन्हा स्वीकारला. या प्रकरणाचा सर्वसाधारण उल्लेख ‘नवी पद्धत फसली’ किंवा ‘लोकांना ती कळली नाही’ अशा एका वाक्यात केला जातो, आणि दोन्ही वाक्ये मला अपुरी वाटतात. नियमात दोष खरोखर होता. मात्र मतदारांच्या डोळ्यांत जो दोष भरला तो वेगळाच होता, आणि त्यांनी परत आणलेला जुना नियम त्यांपैकी कोणत्याच दोषावर उपाय नव्हता. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी आधी शहराचे मोहल्ले, मग मतमोजणी आणि शेवटी मतपत्रिकांच्या आतले आकडे पाहावे लागतात.

शहर आणि त्याचे पक्ष

अमेरिकेतल्या बहुसंख्य लहान शहरांत पालिकेच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. बर्लिंग्टनमध्ये ते असते, आणि तिथे पक्ष दोन नव्हे, तीन आहेत. १९८१ साली बर्नी सँडर्स नावाचा, पुढे अमेरिकी सिनेटर झालेला, एक अपक्ष उमेदवार पाच वेळा निवडून आलेले डेमोक्रॅटिक महापौर गॉर्डन पॅकेट यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि फेरमोजणीनंतर अवघ्या १० मतांनी जिंकला. सँडर्स यांना ४,०३० मते होती आणि पॅकेट यांना ४,०२०. त्या निवडणुकीत रिचर्ड बोव्ह या तिसऱ्या उमेदवाराने, जे आधी डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी पॅकेट यांच्याशीच लढले होते, हजाराच्या वर मते घेतली होती. मतविभागणी झाली नसती तर सँडर्स यांची पुढची सगळी कारकीर्द कशी घडली असती, हा तर्काचा विषय आहे. पण या शहराचे आधुनिक राजकारणच तिरंगी लढतीतून जन्माला आले, ही गोष्ट पुढच्या प्रकरणासाठी महत्त्वाची आहे.

सँडर्स यांच्या भोवती जमलेल्या कार्यकर्त्यांची आघाडी पुढे राज्यपातळीवरचा प्रोग्रेसिव्ह पक्ष बनली. १९८१ ते २०१२ या काळात, १९९३ ते १९९५ या दोन वर्षांत रिपब्लिकन पीटर ब्राउनेल महापौर होते तेवढा अपवाद वगळता, महापौरपद याच प्रवाहाकडे राहिले. शहरातला डेमोक्रॅटिक पक्ष मधोमध सापडला : त्याच्या डावीकडे प्रोग्रेसिव्ह, उजवीकडे रिपब्लिकन.

या तीन पक्षांचे तीन पत्तेही आहेत. शहराच्या मध्यभागाला लागून असलेला ‘ओल्ड नॉर्थ एंड’ हा जुन्या लाकडी घरांचा, भाडेकरूंचा, विद्यार्थ्यांचा आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा भाग. तत्कालीन दुसरा आणि तिसरा प्रभाग इथला, आणि प्रोग्रेसिव्ह पक्षाचा पाया इथेच. दक्षिणेकडचा ‘साउथ एंड’ आणि विद्यापीठाच्या टेकडीवरची जुनी, ऐसपैस घरे यांत डेमोक्रॅटिक मत अधिक. आणि उत्तरेला, नदीकाठच्या शेतजमिनीच्या पट्ट्यापलीकडे, नॉर्थ अॅव्हेन्यू या एका मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला ‘न्यू नॉर्थ एंड’ : दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली स्वतंत्र बैठी घरे, घरमालक कुटुंबे, बरेच निवृत्त लोक. तत्कालीन चौथा आणि सातवा प्रभाग इथे येत. मालमत्ता कर वाढला की त्याची झळ घरमालकाला थेट आणि लगेच लागते, म्हणून पालिकेच्या खर्चावर सर्वांत बारीक नजर याच भागाची असते, आणि मार्चमधल्या मतदानाला तो नेमाने घराबाहेर पडतो. कर्ट राइट हे याच भागाचे नगरसेवक होते.

मतदानाचा दिवस हाही या गणिताचा भाग आहे. व्हरमाँटमध्ये मार्च महिन्याचा पहिला मंगळवार हा ‘टाउन मीटिंग डे’ असतो. लहान गावांत त्या दिवशी रहिवासी सभागृहात जमून हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात. बर्लिंग्टनसारख्या शहरात त्याच दिवशी मतपत्रिकेवर महापौर, नगरसेवक, शाळांचे अंदाजपत्रक आणि नगर-सनदेतल्या (शहराच्या कारभाराच्या मूळ नियमावलीतल्या) दुरुस्त्या यांवर मतदान होते. बर्फ अजून वितळलेला नसतो, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली गर्दी नसते, आणि अशा वेळी कोणत्या भागातले लोक घराबाहेर पडतात यावर निकाल फिरतो.

नियम

बर्लिंग्टनचा जुना नियम असा होता, की ४० टक्के मते मिळवणारा अग्रेसर उमेदवार महापौर होतो आणि कोणालाच ४० टक्के मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत काही दिवसांनी पुन्हा मतदान घ्यायचे. २००५ साली मतदारांनी त्याऐवजी पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. मतदाराने उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती द्यायची. कोणालाही निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत तर तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटायच्या, आणि हे दोन उमेदवार उरेपर्यंत करत राहायचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अपरिचित नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनाने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो आणि ‘बाद फेरी’ हा शब्द त्या मतमोजणीच्या बातम्यांत दर वेळी असतो. बर्लिंग्टनमध्ये आकडे लिहायचे नसत. प्रत्येक उमेदवाराच्या नावासमोर पसंतीच्या क्रमाने गोल छापलेले असत आणि त्यांतला एक काळा करायचा. मतपत्रिका यंत्राने वाचल्या जात आणि पुढच्या फेऱ्यांची जुळणी संगणकावर होई. आपल्या मतमोजणीत टेबलाभोवती बसलेले प्रतिनिधी गठ्ठा एका खणातून दुसऱ्या खणात जाताना पाहतात. बर्लिंग्टनच्या मतदाराला असे काही दिसत नव्हते. रात्री त्याच्यापुढे तयार निकाल आला. विश्वासाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही असे मला वाटते.

नव्या पद्धतीने झालेली पहिली निवडणूक २००६ ची. त्यात बॉब किस पहिल्या फेरीत सुमारे ३९ टक्के मते घेऊन आघाडीवर होते आणि शेवटच्या फेरीतही तेच जिंकले. जो पुढे होता तोच निवडून आला, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. नियमाची परीक्षा २००९ मध्ये झाली.

मतमोजणी

पहिल्या फेरीत राइट यांना २,९५१, किस यांना २,५८५, माँट्रोल यांना २,०६३, अपक्ष डॅन स्मिथ यांना १,३०६ आणि ग्रीन पक्षाचे जेम्स सिम्पसन यांना ३५ मते मिळाली. आणखी ३६ मते मतदारांनी स्वतः लिहिलेल्या नावांना होती. एकूण ८,९७६ मतांपैकी राइट यांचा वाटा सुमारे ३३ टक्के, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा उमेदवारसुद्धा तीन मतदारांपैकी दोघांची पहिली पसंती नव्हता.

स्मिथ, सिम्पसन आणि लिहिलेली नावे बाद झाल्यावर त्यांची १,३७७ मते वाटली गेली. त्यांतली सर्वाधिक, ४९१, माँट्रोल यांना गेली. किस यांना ३९६ आणि राइट यांना ३४३ मिळाली. १४७ मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंती नव्हती. आता राइट ३,२९४, किस २,९८१ आणि माँट्रोल २,५५४ अशी स्थिती झाली. माँट्रोल तिसऱ्या स्थानावर असल्याने बाद झाले. त्यांच्या २,५५४ मतपत्रिकांपैकी १,३३२ किस यांच्याकडे आणि ७६७ राइट यांच्याकडे गेल्या, तर ४५५ मतपत्रिका तिथेच संपल्या. अंतिम आकडे : किस ४,३१३, राइट ४,०६१. फरक २५२ मतांचा.

दोन्ही फेऱ्या आघाडीवर असलेला उमेदवार तिसऱ्या फेरीत हरला. न्यू नॉर्थ एंडमधल्या मतदाराच्या दृष्टीने घडले ते एवढेच, आणि त्याच्या नजरेतून पाहिले तर राग समजण्यासारखा आहे. शिवाय किस यांची ४,३१३ मते शेवटच्या दोघांत ५१.५ टक्के असली तरी एकूण ८,९७६ मतांच्या तुलनेत ती ४८ टक्केच होतात, कारण वाटेत ६०२ मतपत्रिका संपलेल्या होत्या. ‘ही पद्धत बहुमताचा महापौर देते’ असे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगितलेले होते. निम्म्याहून अधिक मते न मिळालेला माणूस बहुमताचा कसा, हा विरोधकांचा प्रश्न बिनतोड होता. पुरस्कर्त्यांनी ‘शेवटच्या दोघांमध्ये बहुमत’ असे आधीपासून नेमके सांगितले असते तर निदान तो प्रश्न उठला नसता. प्रचारात केलेली अशी अतिशयोक्ती नियमावरच उलटते, आणि इथे ती उलटली.

मतपत्रिकांच्या आत

निवडणुकीनंतर प्रत्येक मतपत्रिकेवरच्या पसंतींची नोंद उपलब्ध झाली, आणि म्हणूनच हे प्रकरण इतके तपशिलाने अभ्यासता येते. राइट, किस आणि माँट्रोल या तिघांपुरत्या पसंती वेगळ्या काढल्या तर पुढील चित्र दिसते. (काही आकडे अधिकृत फेऱ्यांपेक्षा एक-दोन मतांनी इकडेतिकडे होतात, निष्कर्षावर त्याचा परिणाम नाही.)

राइट यांच्या गठ्ठ्यात ३,२९७ मतपत्रिका होत्या. त्यांपैकी १,५१३ मतदारांनी माँट्रोल यांना किस यांच्या वर ठेवले होते, ४९५ जणांनी किस यांना माँट्रोल यांच्या वर, आणि १,२८९ जणांनी उरलेल्या दोघांपैकी कोणालाच पसंती दिली नव्हती. किस यांच्या २,९८२ मतपत्रिकांपैकी २,०४३ वर माँट्रोल यांना राइट यांच्या वरचे स्थान होते, ३७१ वर राइट यांना माँट्रोल यांच्या वरचे, आणि ५६८ वर दोघांचाही उल्लेख नव्हता. माँट्रोल यांच्या गठ्ठ्याची विभागणी वर आलीच आहे.

या आकड्यांतून शहराची मतदानाची रीत स्पष्ट उमटते. प्रोग्रेसिव्ह मतदारांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्यानंतर डेमोक्रॅट चालत होता. रिपब्लिकन मतदारांत दोन मोठे भाग होते : जवळजवळ निम्म्यांना किस नको म्हणून माँट्रोल चालत होते, आणि दहापैकी चौघांनी या तिघांपैकी एकच नाव निवडून मतपत्रिका बंद केली होती. एकच नाव लिहिणाऱ्यांचे प्रमाण किस आणि माँट्रोल यांच्या मतदारांत साधारण पाचातल्या एकाएवढे होते, राइट यांच्याकडे त्याच्या दुप्पट. काहींना दुसरा कोणी पसंतच नसेल, काहींना ही पद्धतच नको असेल. आकडे कारण सांगत नाहीत.

आता समोरासमोरची तुलना करू. माँट्रोल विरुद्ध किस : माँट्रोल यांचे स्वतःचे २,५५४ आणि राइट यांच्या गठ्ठ्यातले १,५१३ मिळून ४,०६७, किस यांचे २,९८२ आणि ४९५ मिळून ३,४७७. माँट्रोल विरुद्ध राइट : ४,५९७ विरुद्ध ३,६६८. म्हणजे माँट्रोल दोघांनाही आरामात हरवतात, पहिल्याला ५९० मतांनी आणि दुसऱ्याला ९२९ मतांनी. शहराला सर्वांत कमी अमान्य असलेला उमेदवार तिसरा आला आणि बाद झाला, कारण पद्धत प्रत्येक टप्प्यावर फक्त सध्याची वरची पसंती पाहते. कोणाची दुसरी पसंती किती दाट आहे हे ती त्या उमेदवाराला बाद करण्यापूर्वी पाहतच नाही. डावा आणि उजवा अशा दोन भक्कम गटांच्या मध्ये उभ्या असलेल्या पक्षाची पहिली पसंती दोन्हीकडून खाल्ली जाते. डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातली भौगोलिक आणि वैचारिक जागा पाहता हे त्या दिवशीचे दुर्दैव नव्हते, रचनेतूनच आलेले होते.

या प्रकरणातला सर्वांत जिव्हारी लागणारा आकडा मला १,५१३ हाच वाटतो. या मतदारांनी नियमाने सांगितलेले सर्व काही केले. त्यांनी मनापासून आवडणाऱ्या राइट यांना पहिली पसंती दिली आणि राइट नाहीत तर किस यांच्याऐवजी माँट्रोल, असेही स्पष्ट नोंदवले. राइट शेवटपर्यंत टिकल्यामुळे त्यांची दुसरी पसंती कधी उघडलीच गेली नाही, आणि त्यांना जो उमेदवार सर्वांत शेवटी हवा होता तो महापौर झाला. यांच्यापैकी ३७२ जणांनी राइट यांना सोडून माँट्रोल यांना पहिली पसंती दिली असती तर राइट तिसरे ठरून बाद झाले असते आणि माँट्रोल जिंकले असते. ‘मनातला उमेदवार निश्चिंतपणे पहिला लिहा, त्याने तुमचे नुकसान होणार नाही’ हे त्यांना दिलेले आश्वासन त्यांच्या बाबतीत खरे ठरले नाही. ज्या तिरंगी लढतीत कोण तिसरा येईल हे आधी सांगता येत नाही, अशाच लढतीत हे आश्वासन फसते, आणि बर्लिंग्टनमध्ये तर सामान्य परिस्थितीच तिरंगी होती.

दुसरी विसंगती अधिक विचित्र आहे. समजा राइट यांच्या मतदारांपैकी ७५३ जणांनी, म्हणजे किस यांना दुसरी पसंती देणाऱ्या सर्व ४९५ जणांनी आणि एकच नाव लिहिणाऱ्यांपैकी २५८ जणांनी, मत बदलून किस यांनाच पहिली पसंती दिली असती. किस यांची मते ३,७३५ झाली असती. राइट मात्र २,५४४ वर येऊन माँट्रोल यांच्या २,५५४ च्या खाली गेले असते आणि बाद झाले असते. त्यांचे उरलेले १,५१३ माँट्रोल यांच्याकडे जाऊन माँट्रोल ४,०६७ विरुद्ध ३,७३५ असे जिंकले असते. विजयी उमेदवाराला ७५३ लोकांचा जास्तीचा पाठिंबा मिळाला असता तर तो हरला असता. अशी शक्यता गणितात असते हे जाणकारांना ठाऊक होते; एका खऱ्या शहरातल्या खऱ्या निवडणुकीत तिचा इतका स्वच्छ नमुना सापडणे ही नवी गोष्ट होती.

रद्द करण्याचा कौल

निकालानंतर पद्धत रद्द करण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली. तिचा मुख्य युक्तिवाद ‘एक माणूस, एक मत’ हा होता : काही लोकांची मतपत्रिका दोनदा-तीनदा मोजली गेली आणि आमची एकदाच. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही, कारण राइट यांच्या मतदारांची मतपत्रिकाही प्रत्येक फेरीत मोजली जातच होती. तरी ज्याचे पहिले मत अखेरपर्यंत तिथेच राहिले आणि ज्याची दुसरी पसंती कोणी पाहिली नाही, त्या मतदाराला आपल्या मताचे वजन कमी पडल्यासारखे वाटले असेल तर ते निव्वळ अज्ञान नव्हते. त्याची तक्रार चुकीच्या शब्दांत मांडली गेली, पण तिच्या तळाशी १,५१३ मतपत्रिकांचे खरे दुखणे होते. दुर्दैवाने मोहिमेत हे कोणी नीट सांगितले नाही : विरोधक ‘पहिला आला तो जिंकायला हवा होता’ म्हणत राहिले, समर्थक ‘पद्धतीने तिचे काम केले’ म्हणत राहिले, आणि माँट्रोल हे नाव दोन्ही बाजूंच्या सोयीचे नव्हते.

त्याच सुमारास नियमाशी काहीही संबंध नसलेली एक गोष्ट घडली. शहराच्या मालकीच्या बर्लिंग्टन टेलिकॉम या फायबर जाळ्याच्या कंपनीसाठी पालिकेच्या सामायिक रोख निधीतून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर वापरले गेले असून ते परवान्याच्या अटीनुसार वेळेत परत केलेले नाहीत, हे २००९ च्या उत्तरार्धात बाहेर आले. महापौर किस यांच्या प्रशासनावर टीकेची झोड उठली आणि पुढच्या काळात शहराचे पतमानांकन खाली आले. नियम रद्द करण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर आला तो या वातावरणात. किस यांना पदावरून दूर करण्याची संधी तेव्हा नव्हती; त्यांना निवडून देणारा नियम मात्र मतदारांच्या हातात होता.

मार्च २०१० मध्ये ३,९७२ विरुद्ध ३,६६९ अशा ३०३ मतांच्या फरकाने पसंतीक्रमाची पद्धत रद्द झाली. प्रभागवार निकाल जास्त बोलका आहे. सात प्रभागांपैकी पाचांमध्ये मतदारांनी पद्धत कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला होता. रद्द करण्याच्या बाजूने फक्त दोनच प्रभाग होते, राइट यांचे २००९ मधले बालेकिल्ले, आणि तिथला कौल जवळजवळ तीनास एक असा एकतर्फी होता. ‘बर्लिंग्टनने पद्धत नाकारली’ हे वाक्य म्हणून मला फारसे अचूक वाटत नाही. न्यू नॉर्थ एंडने ती नाकारली, आणि बाकीच्या शहराने तिचा बचाव केला तो पुरेशा संख्येने नाही.

परत आला तो ४० टक्क्यांचा नियम, आणि या प्रकरणाच्या केंद्रस्थानी मला हीच गोष्ट दिसते. त्याच नियमाने २००९ ची निवडणूक झाली असती तर ३३ टक्के मतांवर राइट निवडून आले नसते. त्यांना आणि किस यांना दुसऱ्या मतदानाला सामोरे जावे लागले असते, आणि मतपत्रिकांवर नोंदलेल्या पसंती तशाच राहिल्या असत्या तर किस जिंकले असते. माँट्रोल पहिल्याच फेरीत तिसरे असल्याने दुसऱ्या मतदानात नसतेच. म्हणजे राइट यांच्या मतदारांची तक्रार या नियमाने मिटत नाही आणि १,५१३ जणांचे दुखणेही तसेच राहते. एवढा फरक नक्की पडला असता, की दुसरे मतदान वेगळ्या दिवशी, कमी लोकांत झाले असते, आणि कमी मतदानाच्या दिवशी घरमालकांच्या मोहल्ल्यांचे पारडे जड असते. पद्धत रद्द करणाऱ्या सगळ्यांनी असा हिशेब केला असेल असे मी म्हणणार नाही, पण जुना नियम न्यू नॉर्थ एंडला न्याय्य वाटला यामागे त्या भागाचा मतदानाचा अनुभव होता हे नाकारता येत नाही. पुढच्याच वर्षी ४० टक्क्यांची मर्यादा ५० टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, आणि तोही फेटाळला गेला.

पुढची वर्षे

२०१२ मध्ये किस उभे राहिले नाहीत आणि प्रोग्रेसिव्ह पक्षाने उमेदवारच दिला नाही. डेमोक्रॅटिक उमेदवार ठरवण्यासाठी नोव्हेंबर २०११ मध्ये भरलेल्या पक्षाच्या सभेत मिरो वाइनबर्गर आणि टिम अॅश यांना प्रत्येकी ५४० मते पडून बरोबरी झाली, म्हणून महिन्याभराने पुन्हा सभा भरवावी लागली आणि तीत वाइनबर्गर निवडले गेले. मार्चमध्ये त्यांनी राइट यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. डावी बाजू मोकळी राहिल्याबरोबर मधला उमेदवार रिपब्लिकनला सहज हरवतो, हे २००९ च्या मतपत्रिकांनी आधीच सांगितले होते.

पुढच्या दशकात रिपब्लिकन पक्ष शहरात क्षीण होत गेला आणि मुख्य लढत डेमोक्रॅट विरुद्ध प्रोग्रेसिव्ह अशी झाली. मग ४० टक्क्यांच्या नियमाची दुसरी बाजू उघडी पडली. २०१८ मध्ये वाइनबर्गर निम्म्याहून कमी मतांवर निवडून आले. २०२१ मध्ये त्यांना ६,१८९ आणि प्रोग्रेसिव्ह मॅक्स ट्रेसी यांना ६,०६० मते मिळाली; अपक्ष अली डिएंग यांनी तेरा टक्क्यांच्या आसपास मते घेतली. दोघेही चाळीसच्या वर असल्याने पुन्हा मतदान झाले नाही आणि १२९ मतांच्या आघाडीवर, साधारण ४३ टक्के पाठिंब्यावर, महापौर ठरला. डिएंग यांच्या मतदारांना या दोघांपैकी कोण हवे होते हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची सोय नियमात उरलेली नव्हती.

त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, नगरसेवकांच्या निवडणुकीसाठी पसंतीक्रमाची पद्धत ६४ टक्के मतांनी मंजूर केली. व्हरमाँटमध्ये नगर-सनदेतला बदल शहराने मंजूर केला तरी राज्य विधिमंडळाची संमती लागते. ती २०२२ मध्ये मिळाली. मार्च २०२३ मध्ये मतदारांनी हीच पद्धत महापौरपदालाही लागू करण्याचा प्रस्ताव संमत केला. २०१० मध्ये जो भाग विरोधात उभा होता त्याचा विरोध पूर्ण विरला असे नाही, पण शहरात नव्या मतदारांची भर पडली होती, जवळच्या मेन राज्याने राज्यपातळीवर ही पद्धत स्वीकारलेली होती, आणि किस यांचे नाव मतदारांच्या मनातून मागे पडले होते. यांतले शेवटचे कारण मला सर्वांत वजनदार वाटते : २०१० मध्ये नियमावर मत देताना लोक एका माणसावर मत देत होते, २०२३ मध्ये तसे काही नव्हते.

५ मार्च २०२४ रोजी या पद्धतीने महापौरपदाची निवडणूक झाली. चार उमेदवार होते, पण खरी लढत प्रोग्रेसिव्ह एमा मलव्हेनी-स्टॅनक आणि डेमोक्रॅटिक जोन शॅनन या दोघींत होती. मलव्हेनी-स्टॅनक यांनी पहिल्याच मोजणीत निम्म्याची रेषा ओलांडली आणि त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. एकाही उमेदवाराला बाद करावे लागले नाही, एकही दुसरी पसंती उघडावी लागली नाही. तीन तुल्यबळ उमेदवारांची लढत २००९ नंतर बर्लिंग्टनमध्ये झालेली नाही. ती झाली तर सध्याचा नियम मधल्या उमेदवाराला पुन्हा तसाच आधी बाद करू शकतो, कारण बाद करण्याचा क्रम ठरवणारे कलम २००९ मध्ये जसे होते तसेच आजही आहे.